आपोआप

भर दुपारी, कुलरच्या घरघरीतही मोनालीला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. आई-बाबा तर चितेगावला मावशीकडे गेलेले. आतून कडी होती म्हणून दार उघडलं नाही, पण बाहेरून कुणीतरी ते हळूहळू रेटत होतं.

तिनं कसाबसा इंटरकॉम उचलून गेटचा नंबर दाबला. वॉचमन काही उचलेना. तेवढ्यात तिला सोसायटीचे सेक्रेटरी आदिनाथकाका आठवले. नवी यंत्रणा बसवताना ते म्हणाले होते, "वॉचमनचं काय खरं नाय, बेटा. त्यानं नाही उचलला तर फोन आपोआप माझ्या मोबाइलवर येतो. तू बिनघोर राहा."

तिनं रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला.



मोबाइल दाराबाहेर वाजला.