बाद करायच्या फाईली

निलेशने कांजूरमार्गच्या घरी येऊन वडिलांचा, अण्णांचा, पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर एकच रड: सिस्टीम फाईल सापडत नाही. शेवटी त्याने हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि तो हादरलाच. सिस्टीमच्या शेकडो फाईली गायब होत्या.

"अण्णा, काय काय उडवलंत हे?"

"उडवलं नाही, बाद केलं." अण्णांची तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. "मशीन हळू चालत होतं. दहा वर्षं हात न लागलेली फाईल ठेवायची नाही, हा नियम. तारखा बघून एकेक काढली."

"अहो, वाट लावलीत! त्यांच्यावरच तर मशीन चालतं. आता नवीनच घ्या."

"नवीन नको. हेच चालू कर. आजच्या आज."

निलेश करवादत उरलंसुरलं चाळू लागला आणि एका फोल्डरपाशी त्याचा हात जागीच थबकला. 'जान्हवीचे फोटो'. जान्हवी म्हणजे त्याची बहीण. बारा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून या घरात तिचं नाव काढायला बंदी होती. बंदी अण्णांचीच.

"अण्णा..." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "हे तर सगळ्यात जुनं. हे कसं राहिलं?"

अण्णा कचेरीतल्याच आवाजात म्हणाले, "ते नियमात बसत नाही. त्याला रोज हात लागतो."