येतो म्हण

चेतननं त्या दुपारी "येतो" असं लिहिलं आणि सगळ्या कम्युनिटीला आनंद झाला.

"सुधारला एकदाचा!" कुणीतरी अमेरिकेतून लिहिलं. नाशिकच्या एका बाईंनी हसरे चेहरे टाकले. सदाशिव पेठेतले निवृत्त श्रीधरपंत म्हणाले, "उशिरा का होईना, मराठी आलं म्हणायचं." त्यांच्या हिशेबी हे कौतुक होतं.

खराडीच्या ऑफिसात कल्याणीनं तो एक शब्द वाचला आणि हातातलं काम थांबवलं.

ही ऑनलाइन कम्युनिटी होती एका चित्रपटाच्या चाहत्यांची. थिएटरात तो आठवडाभरही टिकला नव्हता, पण ज्यांनी पाहिला ते त्याचेच झाले. त्यातला मुलगा तिरसट. घरातून निघताना कायम "जातो" म्हणायचा. आई दर वेळी ओरडायची, "जातो नाही रे, येतो म्हण!" शेवटी एके सकाळी तो आपणहून "येतो" म्हणतो. आई सुखावते, पण गॅसवर दूध असतं, म्हणून मान वर करून बघत नाही. मुलगा परत येत नाही. संपला चित्रपट.

तो पाहिल्यापासून कल्याणीला एक खोड लागली होती. कुणीही निघालं की ती हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायची. ऑफिसातले हसायचे. "अगं, चहाला चाललोय, काशीला नाही!" हसेनात का. ती बघायचीच.

चेतनची ओळख तिथलीच. भेट कधी नाही. चेहराही माहीत नाही, कारण स्वतःच्या फोटोच्या जागी त्यानं चित्रपटातल्या घराच्या दाराचं चित्र लावलं होतं. रोज निरोप घेताना तो मुद्दाम "जातो" लिहायचा आणि चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, येतो म्हण, येतो म्हण! सगळ्यांना तो खेळ वाटे. खरं काय ते त्यानं एकट्या कल्याणीला कळवलं होतं. मंदीत त्याची नोकरी गेली होती आणि घरी पत्ता नव्हता. वडील भीमराव मार्केट यार्डात हमाल. पोराला कॉम्प्युटरची नोकरी लागली तेव्हा त्यांनी गाळ्यागाळ्यांतून पेढे वाटले होते. आता चेतन रोज डबा घेऊन निघायचा आणि हडपसरला गाडीतळाजवळच्या सायबर कॅफेत संध्याकाळपर्यंत बसायचा.

"घरात येतो म्हणायला तोंड नाही गं," त्यानं लिहिलं होतं. "इथं तुम्ही ओरडता, तेवढं बरं वाटतं. कुणीतरी परत बोलावतंय असं वाटतं."

आणि आज कुणी ओरडायला नको, अशी सोय त्यानं करून ठेवली होती.

तिनं त्याला लिहिलं. उत्तर नाही. फोन बंद. कम्युनिटीत अजून अभिनंदन चाललं होतं. एवढी माणसं, एकेकाला चित्रपट तोंडपाठ, शेवटच्या प्रसंगाला ढसाढसा रडलेली. आणि एकानंही मान वर केली नव्हती.

कल्याणी उठली.

"आज सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मॅडम. कुठं निघालीस?" टीम लीडर आमोदनं विचारलं.

"येते," ती म्हणाली. आमोदनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

मुंढव्याच्या पुलावर रिक्षा अडकली. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, आणि खाली नदीचं काळं पाणी. तिला ते बघवेना. आपल्याला उशीर झाला, ही एकच भीती तिच्या डोक्यात होती. गाडीतळ आल्यावर ती धावतच सुटली. दोन दुकानांत विचारल्यावर कॅफे सापडला.

ती दारात पोचली तेव्हा एक सडपातळ तरुण काउंटरशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. त्यानं जेवणाचा डबा काउंटरवर ठेवला. भरलेलाच होता, ठेवताना जड वाजला.

"श्यामभाऊ, हा राहू द्या इथं. आमचे वडील आले तर त्यांना द्या."

"ठेव की." कॅफेवाला श्याम वायर सोडवण्यात गुंतला होता.

"येतो," तरुण म्हणाला.

"हां, ये," श्याम खाली बघूनच म्हणाला.

तरुण वळला. दारात एक अनोळखी बाई उभी होती, धापा टाकत, दोन्ही हात चौकटीला लावून.

"ताई, जरा वाट देता?"

ती हलली नाही. तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"जातो म्हण, चेतन," ती म्हणाली. "मी ओरडायला आलेय."