शनिवारचं गरम पाणी

"दार उघड, विनफ्लेड! राजाचा हुकूम आहे!"

टोकीचे केस अजून ओले होते. विनफ्लेडने नवऱ्याला धान्याच्या पेवात ढकललं, वर फळी टाकली आणि फळीवर गवताची गादी ओढली.

समुद्रापलीकडून येऊन वसलेले जेवढे डेन सापडतील तेवढे मारा, असा हुकूम होता. काल पलीकडच्या गावात डेनांनी चर्चमध्ये आसरा घेतला, तर चर्चसकट जाळलं त्यांना. हे कळूनही या माणसाने आज पाणी तापवलं. शनिवार ना! मरण दारात येईल, पण डेनाची शनिवारची अंघोळ चुकायची नाही. लाकडी टब चुलीजवळ वाफाळत होता. तो हलवायला आता वेळ नव्हता.

तिने दार उघडलं. गावचा म्हातारा अंमलदार ऑर्डगार आत आला. मागून ब्रुनिंग आणि आणखी एक शिपाई, हातात भाले घेऊन.

"नवरा कुठाय?" ब्रुनिंगने विचारलं.

"पळाला. मेल्याने मला सांगितलंसुद्धा नाही."

"डेनाशी लग्न केलंस, आता भोग. आपल्यात काय बापे नव्हते?"

"होते की. अंघोळ करणारा एक नव्हता."

ती बोलून गेली आणि झटकन टबापुढे सरकली.

ब्रुनिंगची नजर टबावर गेली. त्याने पाण्यात बोट बुडवलं. "गरम आहे. आज शनिवार, नाही का?"

"डुक्कर कापायचंय. केस काढायला पाणी नको?"

"मग डुक्कर कुठाय?"

विनफ्लेड चुलीत लाकूड सारू लागली.

"अरे, दिवसच डुकरं कापायचे आहेत," ऑर्डगार म्हणाला. "माझ्याकडे सकाळपासून पाणी तापतंय. मग मीही डेन झालो का?"

दुसरा शिपाई खो खो हसला. ब्रुनिंग हसला नाही. तो भाला उलटा धरून गादीकडे वळला.

"थांब रे," ऑर्डगार कण्हला. "गुडघे गेलेत माझे. आधी बसू दे."

तो गादीवर बसला. खालची फळी करकरली. ऑर्डगारने गादीवरून हळूच हात फिरवला, मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नजर काढीना. त्याला कळलं होतं.

"गोठा बघून या," तो शिपायांना म्हणाला.

ते परत आले ते हात हलवत.

"चला," ब्रुनिंग म्हणाला. "बिशपची माणसं येतीलच एवढ्यात. लपलेले डेन हुडकायला सगळ्या गावाला उभं करून बापाचं नाव विचारणार आहेत. साक्षीदार आणायचे, आपापल्या गावचे."

"सगळ्यांना?" ऑर्डगारने विचारलं.

"तुम्हालासुद्धा! तुमचं गाव तरी कुणी पाहिलंय?"

"केंटकडचा मी. किती वेळा सांगू? तुम्ही व्हा पुढे. या बाईला मी बोलती करतो."

"बोलती कराल, की गप्प?" डोळा मारत ब्रुनिंग बाहेर पडला. दुसरा त्याच्यामागे गेला.

ऑर्डगारने दाराला अडसर घातला. पावलांचे आवाज विरेपर्यंत तो दाराला कान लावून उभा राहिला. विनफ्लेडचा हात मागे गेला. चुलीजवळची सुरी हाताला लागली. म्हातारा एकटाच होता. मानेत घातली तर एका घावात संपेल, ओरडणारही नाही.

तो तिच्या अंगावरून पुढे गेला, गुडघे टेकून बसला. त्याने गादी बाजूला केली, फळी उचलली. विनफ्लेडने सुरी उगारली.

त्याने वळूनही पाहिलं नाही. अंधारात वाकून तो बोलला, तिच्या नवऱ्याच्या बोलीत, एकाही शब्दाला न अडखळता:

"टोकी, थोडा सरक रे बाबा. मलाही आत घे."