तुमीबी चला

"चार माणसांचं बुकिंग घेऊनच न्हाई राहिलं हे हॉटेल," हरीश मोबाइलकडं बघत कुरकुरला. आत भाकरी थापणाऱ्या त्याच्या आईला, पार्वतीबाईंना, ते बराबर ऐकू आलं.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर हरीश आणि प्रियंका पहिल्यांदाच महाबळेश्वरला निघाले होते. पण शिरड शहापुरात लेकसून फिरायला निघाले, की आईबापाला "तुमीबी चला" म्हणावंच लागतं. हरीशनं ते म्हटलं आणि वडिलांनी, सोनाजींनी, खरंच बॅग काढली. तेव्हापासून आठ दिवस झाले, मोबाइलवर कधी खोली लहान निघायची, कधी ऐन वेळी रेंज जायची.

"काहून डोळे फोडून घेतो? हिंगोलीच्या एजंटाकडं जा," सोनाजी म्हणाले. "सगळ्यांला एकाच गाडीत बसवतो त्यो."

प्रियंकाच्या हातून वरणात मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई स्वतःच एसटीनं हिंगोलीला गेल्या आणि एजंटाकडून पाकीट घेऊन आल्या. हरीशनं ते पडेल चेहऱ्यानं उघडलं.

"आई, ह्यात तर दोनच तिकिटं हायत!"

"फसवलं त्यानं तुला!" सोनाजी उसळले. "म्हणून म्हणत होतो, मला संगं ने."

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि लेकाला म्हणाल्या,



"तुमी दोघं जा, लेकरा. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, आमालाबी ह्या घरात चार दिवस दोघंच राहू द्या."