खापरपणजोबांची साक्ष

प्रत्येक प्रश्नागणिक यंत्रातला दात झिजून संपत आला तरी एमिलचे खापरपणजोबा काही एका शब्दावर राहीनात. त्या एका दातातून यंत्रानं त्यांचा आवाज आणि आठवणी जाग्या केल्या होत्या. पूर्वजानं स्वतःच्या तोंडानं देश सांगितल्याशिवाय वंशाचा दाखला नाही, असा नवा कायदा. दाखला नाही मिळाला, तर एमिल आणि त्याची बायको शर्वरी यांना आल्सेसमधलं, म्हणजे कधी फ्रान्सच्या तर कधी जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या सीमाप्रांतातलं घर सोडावं लागणार होतं.

एमिलनं पुन्हा एकदा फ्रेंचमध्ये विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठले?"

"फ्रेंच, साहेब," यंत्रातून थरथरता आवाज आला.

कचेरीतल्या अधिकाऱ्यानं पडताळणीसाठी तेच जर्मनमध्ये विचारलं.

"जर्मन, साहेब."

"साक्ष बाद," अधिकारी म्हणाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. शर्वरीच्या मस्तकात तिडीक गेली. सांगलीची ती, यंत्राशी जाऊन चक्क मराठीत ओरडली, "अहो, तुमच्या खापरपणतूच्या डोक्यावरचं छप्पर जातंय! एकदा तरी धड सांगा की!"

ही भाषा त्या आवाजानं जन्मात ऐकली नव्हती. तो आपल्या गावच्या बोलीत हळूच काहीतरी पुटपुटला. एमिलनं मान खाली घातली.

"काय म्हणाले?" शर्वरीनं विचारलं.

"म्हणतायत, पुन्हा नवं सरकार आलेलं दिसतंय. बाईसाहेबांना काय उत्तर हवंय तेवढं शिकवा, मी पाठ करतो. फक्त माझ्या पोरांना घराबाहेर काढू नका."