बंद वाटेवरच्या फिती

जिरीसान डोंगरावरच्या राखीव उद्यानातली ती वाट कधीचीच बंद झाली होती, तरी झाडाझाडाला पिवळ्याधमक फिती लटकत होत्या. चुसॉक सणाआधी डोंगर साफ करायला आलेले तक्सू आणि इनग्यू धारेवरून उतरताना मध्येच त्या वाटेला लागले आणि एकेक फीत सोडवून पोत्यात टाकू लागले.

"या गिर्यारोहकांना झाड दिसलं की झेंडा लावल्याशिवाय चैन पडत नाही," इनग्यू म्हणाला.

"पण दादा, यांवर कुठल्याच गिर्यारोहण मंडळाचं नाव नाही. आणि गाठी बघ, किती पक्क्या."

"घरी बायको विचारत नसेल. मग बसतात झाडांना गाठी मारत."

दोघं हसत, एकही फीत मागे न ठेवता पायथ्याशी पोचले, तेव्हा वर दाट धुकं उतरलं होतं. फाटकाजवळ दगडावर बसून एक म्हातारी नाशपाती सोलत होती.

"आजी, अंधार पडेल आता. कुणासाठी थांबलायत?" तक्सूनं विचारलं.

"आमचे हे वर गेलेत, सासू-सासऱ्यांच्या थडग्यावरचं गवत कापायला. सणाआधी कापायलाच हवं ना. माझे गुडघे चढू देत नाहीत, आणि यांना हल्ली गल्लीतून घरी यायची वाटसुद्धा आठवत नाही."

तिनं नाशपातीची एकेक फोड दोघांच्या हातावर ठेवली.



"पण यंदा घोर नाही बाबा, जाताना झाडांना फिती बांधत जा म्हणून मीच सांगितलंय."