उपासनींचा पासवर्ड

उपासनी साहेब स्वतः दारात आलेले पाहूनही वैजयंताने त्यांना पाणी विचारलं नाही. ती पावट्याच्या शेंगा सोलत राहिली.

"कोळपेबाई, लसींच्या शीतगृहातल्या मंगळवारच्या नोंदी पुसल्या गेल्या. नोंदी ठेवणाऱ्या यंत्राने त्या जुन्या नोंदींवरून अंदाजाने भरल्या, आणि कायद्याने आता तो अंदाजच पुरावा. म्हणतंय, उपासनी रोज अकराला तापमान बघतात, म्हणजे मंगळवारीही दार त्यांनीच उघडलं आणि उघडं टाकलं. सगळ्या लसी वाया गेल्या. मी तर पुतणीच्या साखरपुड्याला होतो हो!"

चौदा वर्षं रोज अकराला तापमान वैजयंताने पाहिलं होतं, पण साहेबांच्या पासवर्डने. "वेगळं खातं कशाला? माझा पासवर्ड चिकटवलाय की भिंतीवर," असं तेच म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी अशाच नोंदी हरवल्या, तेव्हा यंत्राने तिच्या नावापुढे पाहिलं, तर चौदा वर्षं कोरी. ही बाई तपासणी करतच नाही, असं यंत्राने ठरवलं आणि साहेबांनी, सगळं माहीत असून, तिच्या बडतर्फीवर सही ठोकली.

आज त्याच साहेबांनी हात जोडले. "चौकशी समितीपुढे एवढंच सांगा, की माझ्या नावाने तपासण्या तुम्ही करत होतात."

वैजयंताने पदरातली टरफलं त्यांच्या बुटांपाशी झटकली.

"मी कशी सांगणार, साहेब? मी तर कधी तपासणी केलीच नाही. तसा कागद आहे माझ्याकडे, तुमच्या सहीचा."